स्वस्त शिकारी रायफलचा ट्रिगर सुधारायचाय? आधी कानस बाजूला ठेवा

बजेटमधली बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायची) घेतली, नळी चांगली निघाली, स्कोप पण ठीकठाक, पण ट्रिगर असा की वाळूत अडकलेली कडी ओढतोय असं वाटतं, आणि मग बहुतेक लोक काय करतात तर एखादा व्हिडिओ बघतात, ट्रिगर खोलतात आणि सिअरवर (चाप ओढेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणारा आतला तुकडा) ऑइलस्टोन घासायला बसतात. तिथेच घोळ होतो. जे काम सगळ्यात शेवटी, तेही गनस्मिथकडून करून घ्यायचं (आणि बऱ्याचदा करायची गरजच नसते) ते आधी केलं जातं. आणि पुसणं, मोजणं, दस्ता घासतोय का बघणं, स्क्रू नीट लावणं ही सोपी कामं राहूनच जातात.

खालचं सगळं फक्त बोल्ट अ‍ॅक्शन रायफलसाठी आहे. सेमी ऑटोच्या ट्रिगरमध्ये डिसकनेक्टर वगैरे वेगळी भानगड असते, तिथे हे लावू नका. शस्त्रात असा बदल करायला तुमच्या इथल्या कायद्याची परवानगी आहे का आणि वॉरंटीचं काय होईल हे पण आधीच बघून घ्या.

आधी दुखणं ओळखा

"ट्रिगर खराब आहे" एवढं बोलून काही होत नाही. तक्रारी साधारण चार असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा.

वजन म्हणजे चाप सुटायला किती जोर लागतो. क्रीप म्हणजे सुटायच्या आधी चाप घसटत, अडखळत सरकतो ते. ओव्हरट्रॅव्हल म्हणजे बार उडाल्यावर पण चाप मागे जात राहतो. आणि चौथी म्हणजे मोकळी चाल, सुरुवातीला काहीच न अडकता चाप थोडा मागे येतो. टू स्टेज म्हणजे दोन टप्प्यांत ओढायच्या ट्रिगरमध्ये ती मुद्दाम ठेवलेली असते, त्याला दोष समजून "दुरुस्त" करू नका.

माझ्या मते लोक वजनाच्या मागे उगाच लागतात. 4 पाउंडाचा (म्हणजे सुमारे 1.8 किलो) स्वच्छ सुटणारा ट्रिगर हा अडखळत सुटणाऱ्या 2.5 पाउंडवाल्यापेक्षा शिकारीत कधीही बरा, कारण थंडीत हातमोजे घालून, धाप लागलेली असताना बोटाला हलका ट्रिगर कळतच नाही. पण 6 पाउंड म्हणजे जवळपास 2.7 किलो, आणि रायफलच स्कोपशिवाय 3 किलोच्या आसपास असते, म्हणजे रायफलच्या वजनाएवढा जोर बोटाने लावायचा आणि नेम हलू द्यायचा नाही, हे अवघडच. शिकारीच्या रायफलला 3 ते 4 पाउंड धरा. 2.5 च्या खाली जाऊ नका.

टप्पा 1: मॅन्युअल काढा आणि आपला ट्रिगर कुठला ते बघा

कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त वेळ इथेच वाचतो. काही बजेट रायफलींना कंपनीने स्वतःच अ‍ॅडजस्टमेंट दिलेली असते आणि मालकाला माहितीच नसतं. रुगर अमेरिकनचा ट्रिगर 3 ते 5 पाउंडात बदलता येतो, मॉसबर्ग पेट्रियटचा 2 ते 7 पाउंडात. सॅव्हेज अ‍ॅक्सिसच्या साध्या मॉडेलला तशी सोय नाही, अ‍ॅक्सिस टू ला अ‍ॅक्यूट्रिगर येतो ज्याच्या मधोमध एक पातळ पाती असते.

ही पाती असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. पाती न दाबता चाप कडेने ओढला किंवा रायफलला जोरात धक्का बसला तर सिअर सुटून पातीवर अडकतो, बार उडत नाही आणि ट्रिगर मेल्यासारखा वाटतो. तो बिघाड नाही, सेफ्टी तशीच बनवलीय. बोल्ट वर उचलून परत कॉक करायचा, म्हणजे फायरिंग पिन परत ताणून तयार ठेवायची. मी एकाला हे बिघडलंय समजून अख्खा ट्रिगर खोलताना बघितलंय.

कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून रिकॉल आहे का ते पण बघा. रेमिंग्टनने 2014 मध्ये एक्समार्क प्रो ट्रिगरवाल्या मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हन रायफली परत बोलावल्या होत्या, कारण जोडणी करताना वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाल्यामुळे बार आपोआप उडण्याचा धोका होता. कारखान्यात थोडा जास्त डिंक पडला तर एवढं होतं, तर घरी ट्रिगरमध्ये काय काय ओतलं जातं त्याचा विचार करा.

⚠️ रिकॉलमधली रायफल असेल तर इथेच थांबा. ती कंपनीकडेच जायला हवी.

टप्पा 2: रायफल रिकामी, काडतुसं दुसऱ्या खोलीत

मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि मग करंगळी घालून पण बघा. सगळी काडतुसं त्या खोलीच्या बाहेर. टेबलावर "एकच" राहिली तर चालेल असं नाही, कारण पुढे आपण शेकडो वेळा चाप ओढणार आहोत आणि मधे चहाला उठून परत आलं की डोकं जागेवर नसतं. उठून आलात की प्रत्येक वेळी चेंबर परत बघा. नळीचं तोंड कायम अशा दिशेला जिथे चुकून बार उडाला तरी कोणाला काही होणार नाही.

ड्राय फायरला स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं वापरा. सेंटरफायरला (पिन काडतुसाच्या तळाच्या मध्ये लागते) बहुतेक वेळा त्याशिवाय पण चालतं, पण रिमफायर (पिन तळाच्या कडेला लागते) असेल तर रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

हाताशी हे ठेवा: स्क्रूच्या खाचेत अगदी बरोब्बर बसणारे स्क्रूड्रायव्हर आणि अ‍ॅलन की, इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क ड्रायव्हर, ट्रिगर गेज, पांढरा टॉवेल (पडलेली स्प्रिंग दिसते), फोन फोटोसाठी, लायटर फ्लुइड, पातळ तेल, नेलपॉलिश, वही.

टप्पा 3: मोजा, लिहून ठेवा

गेज नसेल तर मासे मोजायचा डिजिटल स्प्रिंग काटा पण चालतो, फक्त तो कमी वजनाला नीट दाखवतो का ते आधी बघा. रायफल पक्की टेकवा, हुक चापाच्या वळणाच्या बरोब्बर मध्ये लावा, नळीला समांतर सरळ मागे हळूहळू ओढा. 10 वेळा. सगळे आकडे लिहा, सरासरी काढा, पण सरासरीपेक्षा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकड्यातला फरक बघा. 10 आकडे 4.8 ते 5.1 मध्ये आले तर ट्रिगर जड आहे पण शहाणा आहे, स्प्रिंगने किंवा स्क्रूने काम होईल. 4.2 ते 6 असे उड्या मारत असतील तर आत घाण आहे किंवा काहीतरी घासतंय, आणि तिथे स्प्रिंग बदलून काही उपयोग नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे हुक दर वेळी वेगळ्या जागी लागणं. चापाच्या वरच्या भागाला, म्हणजे पिनजवळ ओढलं की जड दाखवतं आणि टोकाला ओढलं की हलकं, कारण तरफच आहे ती. चापावर मार्करने बारीक ठिपका मारा आणि कायम तिथेच हुक लावा.

टप्पा 4: दस्ता घासतोय का

हा टप्पा जवळपास कोणीच करत नाही आणि स्वस्त प्लास्टिक दस्त्यांमध्ये दुखणं बऱ्याचदा इथेच असतं.

बोल्ट काढा, अ‍ॅक्शन स्क्रू सोडा, म्हणजे दस्ता आणि नळी-ट्रिगरवाला धातूचा भाग (अ‍ॅक्शन) जोडणारे स्क्रू (कुठला पुढचा कुठला मागचा ते फोटो काढून ठेवा, लांबी वेगळी असू शकते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर बोल्टला अडतो), अ‍ॅक्शन दस्त्यातून बाहेर काढा. आता मऊ कपडा लावून अ‍ॅक्शन व्हाइसमध्ये हलक्या हाताने धरा, बोल्ट घाला, कॉक करा, आणि परत 10 वेळा मोजा.

✔ तपासणी: दस्त्याशिवाय ट्रिगर अचानक चांगला झाला का? मग तुमचा ट्रिगर बरा आहे, दस्ता खराब आहे.

दस्त्याच्या आत ट्रिगर हाउसिंगच्या (ट्रिगरचे भाग बसवलेली पेटी) बाजूला, सेफ्टीच्या खाचेत आणि ट्रिगर गार्डच्या फटीत चमकलेली, घासलेली जागा दिसते का बघा. दिसत नसेल तर हाउसिंगला लिपस्टिक किंवा मार्करची शाई लावून एकदा जोडा, परत काढा, कुठे डाग लागलाय ते कळेल. तेवढीच जागा बारीक सँडपेपरने थोडी थोडी मोकळी करा. दस्त्याचं प्लास्टिक घासायचं, हाउसिंगचं धातू नाही. हे लिहायची वेळ यायला नको होती पण आलीय.

टप्पा 5: धुणं

नवीन रायफलमध्ये कंपनीचं गंज थांबवणारं घट्ट ग्रीस असतं, जुन्या रायफलमध्ये पाच दहा वर्षांचं तेल, धूळ आणि गवताचं बी. दोन्हीमुळे ट्रिगर चिकट होतो, आणि थंडीत तेच तेल घट्ट झालं की चाप परत पुढे यायलाच मागत नाही, ही गोष्ट गैरसोयीची नाही, धोक्याची आहे.

ट्रिगर असेंब्ली खोलू नका. अ‍ॅक्शन दस्त्याबाहेर असताना, बोल्ट काढून, हाउसिंग खाली लोंबेल असं धरा आणि वरून लायटर फ्लुइड सोडा, चाप आणि सेफ्टी हलवत राहा, खाली पडणारा थेंब स्वच्छ येईपर्यंत. मग मोकळ्या हवेत पूर्ण सुकू द्या. जवळ ज्योत, सिगरेट, हीटर काही नको. ब्रेक क्लीनर पण चालतो म्हणतात पण तो प्लास्टिकचे भाग आणि रंग खराब करू शकतो म्हणून मी वापरत नाही.

सुकल्यावर काय घालायचं? जवळजवळ काहीच नाही. पिनांवर सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एक एक थेंब, बस. गंज सोडवायचे स्प्रे आत मारू नका, ते उडून गेले की मागे चिकट थर राहतो आणि आपण परत जिथे होतो तिथे. ग्रीस तर नकोच.

✔ तपासणी: परत 10 वेळा मोजा. आकड्यांमधला फरक कमी झाला का? बऱ्याच रायफलींचं काम इथेच संपतं. समाधान झालं असेल तर पुढचे दोन टप्पे सोडा आणि सरळ टप्पा 8 ला जा.

टप्पा 6: स्क्रू, पण कुठला

साध्या अ‍ॅडजस्टेबल ट्रिगरला एकच स्क्रू असतो जो स्प्रिंगवर दाब देतो, म्हणजे वजनाचा. तो बाहेर फिरवला की हलकं, आत फिरवला की जड, पण आपल्या मॉडेलला कसं आहे हे मॅन्युअलमध्येच बघा. एका वेळी पाव आटा. मग 5 वेळा मोजा. मग परत पाव आटा. कंपनीने जी खालची मर्यादा दिलीय तिथे थांबायचं. स्क्रू तिथून अजून फिरतोय म्हणजे अजून जागा आहे असं नाही, फक्त स्प्रिंग सैल झालीय आणि चाप परत यायची ताकद गेलीय.

काही ट्रिगरला तीन स्क्रू असतात: वजन, ओव्हरट्रॅव्हल आणि सिअर एंगेजमेंट. हा शेवटचा स्क्रू सिअर आणि चाप एकमेकांवर किती टेकतात ते ठरवतो, क्रीप त्याच्याने कमी होते हे खरं, पण ती टेकण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची गोष्ट असते. तुम्ही जरा जास्त फिरवलात तर रायफल ट्रिगरला हात न लावता बोल्ट आपटल्यावर सुटेल. कारखान्याचा सील असेल तर तो तोडू नका. या स्क्रूला घरी हात लावायचा नाही, गनस्मिथकडे द्यायचा, माझं मत एवढंच.

ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू धोक्याचा कमी पण नडणारा जास्त. मी एकदा तो इतका घट्ट केला की घरात मस्त वाटलं, एकदम काचेची काडी मोडल्यासारखं, आणि पहाटेच्या थंडीत चाप ओढला तर काहीच नाही. आतला सिअर पूर्ण सुटायला जागाच उरली नव्हती. म्हणून जिथे नीट सुटतो तिथून अर्धा आटा मोकळा सोडा.

टप्पा 7: स्प्रिंग किंवा पूर्ण ट्रिगर

अ‍ॅडजस्टमेंट नाही, धुऊन झालं, दस्ता घासत नाही, आकडे एकसारखे येतात पण जड आहेत, तर आणि तरच स्प्रिंग. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली घ्या. मूळ स्प्रिंगचे दोन वेढे कापून टाकायची आयडिया सगळीकडे दिसते, करू नका, कापलेलं टोक वाकडं बसतं आणि दाब दर वेळी वेगळा येतो. पेनातली स्प्रिंग तर विषयच सोडा. मूळ स्प्रिंग लेबल लावून जपून ठेवा.

पिन काढताना ती कुठल्या बाजूने निघते ते बघा, नरम पितळी पंच वापरा, आणि प्रत्येक पायरीला फोटो. सेफ्टीखाली बारीक स्प्रिंग आणि बॉल असू शकतो जो उडून सोफ्याखाली जातो, म्हणून सगळं एका मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

आणि स्टोन, पॉलिश, डायमंड पेस्ट? सिअरच्या पृष्ठभागावर कडक केलेला थर पातळ असतो. तो घासून गेला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं, सुरुवातीला ट्रिगर लोण्यासारखा लागतो म्हणून माणूस खूश होतो, मग काही शे बारानंतर कडा झिजते आणि एक दिवस रायफल स्वतःच सुटते. शिवाय कोन अर्धा अंश चुकला तरी सिअर आपोआप घसरायच्या बाजूला जातो. त्यापेक्षा टिम्नी किंवा ट्रिगरटेकसारखा तयार ट्रिगर तुमच्या मॉडेलला मिळतो का बघा. मिळत असेल आणि रायफल बरीच वर्षं ठेवायची असेल तर स्प्रिंगच्या मागे न लागता सरळ तोच बसवा. पण बसवल्यावर सेफ्टी आणि बोल्ट स्टॉप (बोल्ट मागून निसटू न देणारा अडसर) नीट चालतात का हे पुढच्या टप्प्यात बघावंच लागेल, कंपनीचा आहे म्हणून सूट नाही.

टप्पा 8: जोडणी

स्क्रूच्या डोक्यावर आणि हाउसिंगवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ मारा, म्हणजे स्क्रू हलला की रेघ तुटलेली दिसेल. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) मॅन्युअलने सांगितलं असेल तरच, निळा, टाचणीच्या टोकाएवढा, आणि हाउसिंगच्या आत ओघळणार नाही असा. लाल वापरलात तर नंतर तापवून काढत बसाल.

अ‍ॅक्शन दस्त्यात बसवा, रायफल उभी धरून दस्ता जमिनीवर हलकेच टेकवा म्हणजे रिकॉइल लग (बाराचा धक्का दस्त्यावर देणारा धातूचा उंचवटा) मागे बसतो, मग दोन्ही स्क्रू हाताने, मग आलटून पालटून मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. जास्त आवळलं की प्लास्टिक दस्ता दबतो आणि हाउसिंग परत घासायला लागतं. म्हणून परत 10 वेळा मोजा आणि दस्त्याशिवायच्या आकड्यांशी ताडून बघा.

टप्पा 9: सेफ्टीच्या चाचण्या, सगळ्या, दर वेळी

चेंबर परत बघितलं? बघा. मगच पुढे. खालच्या एकाही चाचणीत "टक" आवाज आला किंवा बोल्टच्या मागचा कॉकिंग पीस पुढे गेलेला दिसला तर रायफल नापास.

1. कॉक करा, सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडून द्या. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. फायरिंग पिन सुटता कामा नये. लोक नुसतं "सेफ्टी लावल्यावर सुटत नाही" एवढंच बघतात, पण खरी चूक सेफ्टी काढताना पकडली जाते. 10 वेळा करा.

2. सेफ्टी अर्धवट, म्हणजे मधल्या जागी ठेवून तेच परत.

3. सेफ्टी काढलेली, बोल्ट जोरात पुढे ढकलून धाडकन बंद करा, 20 वेळा, जनावर समोर असताना घाईत करतो तसं. प्रत्येक वेळी कॉक राहिला पाहिजे.

4. कॉक, सेफ्टी काढलेली, चाप अर्धवट ओढून सोडा. तो स्वतःहून पूर्ण जागेवर आला पाहिजे. हळू येत असेल, मधेच राहत असेल तर स्प्रिंग फार हलकी झालीय किंवा आत घाण आहे.

5. कॉक, सेफ्टी काढलेली, रबरी मॅटवर दस्त्याचा तळ साधारण 30 सेंटिमीटरवरून सरळ आपटा. मग रबरी हातोडीने अ‍ॅक्शनच्या दोन्ही बाजूंना आणि वरून ठोका, स्कोप सोडून.

6. रायफल रात्रभर थंड जागी ठेवा आणि सकाळी 1 ते 4 परत करा.

⚠️ एकदा नापास म्हणजे नापास. "वीस पैकी एकदाच सुटली" म्हणजे ठीक आहे असं नसतं. वजन पाव पाव आटा परत वाढवा आणि पहिल्यापासून सगळ्या चाचण्या करा, तरी सुटत असेल तर मूळ स्प्रिंग लावा, तरीही सुटत असेल तर रायफल गनस्मिथकडे, तोपर्यंत काडतूस घालायचं नाही.

टप्पा 10: रेंजवर

सरळ शिकारीला नेऊ नका. रेंजवर पहिले 10 बार एक एक काडतूस घालून, मॅगझिन न भरता, नळी लक्ष्याकडेच ठेवून. बोल्ट बंद करताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर. नंतर मॅगझिन भरून नेहमीसारखं.

ग्रुप (लक्ष्यावर गोळ्या किती जवळ जवळ लागतात ते) लगेच अर्धा होईल अशी अपेक्षा ठेवू नका, काहींचा ग्रुप पहिल्या दिवशी उलट मोठा येतो कारण बोटाला जुन्या जोराची सवय असते आणि बार आधीच उडतो. घरी खोट्या काडतुसांवर रोज वीस पंचवीस वेळा चाप ओढायची सवय लावा, पंधरा दिवसांत बोट शिकतं, आणि कडक ट्रिगर पण त्या घासण्याने थोडा गुळगुळीत होतो, तेही कुठलाही स्टोन न वापरता.

40-50 बार झाल्यावर घरी येऊन नेलपॉलिशची रेघ बघा, अ‍ॅक्शन स्क्रूचा टॉर्क बघा, 10 वेळा मोजा, वहीत तारीख घालून लिहा. वजन आधीपेक्षा आपोआप कमी झालेलं दिसलं तर खूश होऊ नका, काहीतरी सैल झालंय किंवा झिजतंय, टप्पा 9 परत करा.